चौकाबाहेरची भिंत

वारली चित्रांचा मला मनापासून कंटाळा आला होता. चहाचे कप, सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंती, बसस्टॉप, लग्नपत्रिका, मोबाइलची कव्हरं. जिथं बघावं तिथं दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे आणि मधोमध तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राला तर हा हुकमी एक्काच. काही सुचलं नाही की पोरं वारली काढून मोकळी होतात. त्यामुळे ए.टी.डी.च्या, म्हणजे कलाशिक्षक पदविकेच्या, वर्गातला माझा एक मित्र म्हणाला, "मावसबहिणीचं लग्न आहे, गंजाडच्या बाजूला, येतेस का?" तेव्हा मी हो म्हटलं ते चित्रांसाठी नव्हे. 'सर्वसमावेशक कलाशिक्षण' या विषयावरचा निबंध आठवडाभर अडून बसला होता आणि मला त्याच्यापासून पळायचं होतं.

डहाणूपर्यंतचा प्रवास घामात गेला, पुढचा वडापमध्ये कोंबून, आणि पहिला दिवस चिकू खाण्यात. आम्ही सांगलीकडची माणसं द्राक्षांचा फार तोरा मिरवतो. डहाणूचा चिकू खाल्ल्यावर तो थोडा उतरला, एवढं नमूद करून पुढे जाते.

लग्नघर पाड्याच्या टोकाला होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत एक भिंत गेरूनं नुकतीच सारवलेली. तिच्यासमोर चार बायका बसलेल्या. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, आणि लग्नाचा चौक अर्धा झालेला. मी ज्याला इतकी वर्षं नक्षी समजत होते ती नक्षी नव्हतीच. चौकटीच्या आत पालघाट देवी येणार होती. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या बायका, गाणी म्हणणार आणि हा चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागणार नाही. म्हणजे हे चित्र बघायला काढलेलं नव्हतं, ते एक काम होतं. नवरीला हळद लावण्याइतकंच आवश्यक.

मी मांडी घालून बसले आणि काडी उचलली.

"लग्न झालंय का गं तुझं?" मित्राच्या मावशीनं विचारलं.

"नाही."

"मग ठेव ती काडी. चौक सवाशिणींचा."

मला राग आला. निबंधाचं पहिलंच वाक्य 'कलेच्या वर्गात प्रत्येकाला स्थान हवे' असं लिहून आले होते, आणि जिला समूहकला म्हणून डोक्यावर घ्यायचं तिच्या दारातच मला थांबवलं. मित्राला अंगणात गाठून मी चांगलंच ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या रेखाकला परीक्षेत तरी कुठं सगळे बसतात?" हा मुलगा वर्गात एक शब्द बोलत नाही. तुमची परीक्षा म्हणतो, जशी काही त्यानं ती दिलीच नव्हती! तरी अजूनही माझं मत हेच आहे, की कुंकवावरून हातात काडी द्यायची की नाही हे ठरवणं बरोबर नाही. मावशीला तसं सांगायचं धाडस मात्र झालं नाही, कारण तेवढ्यात तिनं मला कामाला लावलं होतं.

भिजवलेले तांदूळ पाट्यावर वाटायचे. ऐकायला सोपं आहे. पातळ झालं तर रंग भिंतीवरून ओघळतो, घट्ट झालं तर वाळल्यावर तडकून पडतो. मावशी मधूनमधून येऊन अंगठा बुडवायची, भिंतीच्या कोपऱ्यावर टेकवायची आणि मान हलवून परत जायची. दुकानात ट्यूब विकत घेणाऱ्या आम्हा कलाशिक्षकांना हा अर्धा अभ्यासक्रम माहीतच नाही.

माझ्या शेजारी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी बसली होती. तिचा उजवा हात मनगटात आत वळलेला, डावा सतत थरथरणारा, आणि बोलणं घरच्यांनाच कळेल असं. अशी एक मुलगी माझ्या सरावपाठाच्या शाळेत आहे. चित्रकलेच्या तासाला तिला शेवटच्या बाकावर बसवून हातात खडू देतात आणि तास संपला की कागद न बघताच गोळा करतात. इथं या मुलीच्या पुढ्यात बांबूच्या काड्यांचा ढीग होता. एकेक काडी तोंडात धरून तिचं टोक ती चावत होती. धागे सुटेपर्यंत चावायचं, थुंकायचं, टोक बघायचं. कुंचला तयार. आतून बायका ओरडायच्या, "बारीक दे गं!", "ही फाटली, दुसरी दे!" आणि ती ढिगातून नेमकी हवी ती शोधून पुढे करायची. चौक तिच्यावाचून अडत होता.

मला निबंधासाठी मुद्दा सापडला. मी मावशीला विचारलं, "हिला मुद्दाम हे काम दिलंत ना? म्हणजे तिला वाईट वाटू नये म्हणून?"

"वाईट कशाचं? तिचे दात चांगले आहेत. माझे पडले."

दुपारी पडवीच्या भिंतीवर पोरांनी धुडगूस घातला. ही भिंत चौकाबाहेरची, त्यामुळे सवाशीण असण्याची अट नाही, आणि माझाही नंबर लागला. काड्या चावणारी मुलगीही आली. डाव्या हातानं तिनं झाडाची एक फांदी ओढली. ती थरथरत, वाकडी होत पार खिडकीपर्यंत गेली. आमच्या वर्गात असतं तर कुणीतरी खोडरबर पुढे केला असता. इथं दोन पोरांनी तिच्या फांदीला पानं लावली, तिसऱ्यानं त्यावर माकड बसवलं. मी काढलेल्या माणसाला मात्र सगळे हसले. त्याला कंबर नव्हती म्हणे.

लग्न रात्रभर चाललं, आणि डीजेनं माझे कान बसले. तारपा का नाही, असं विचारल्यावर मित्र माझ्याकडे बघतच राहिला. तारपा भातकापणीच्या दिवसांत. लग्नात कसला तारपा! कपावर बघून शिकलं की असं होतं.

दुसऱ्या दिवशी कळंबीपाड्याकडे चालत गेलो. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे इथले. नाव मला परीक्षेपुरतं पाठ होतं: १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ची पद्मश्री, २०१८ला निधन. वाटेत मित्रानं जे सांगितलं ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी आई गेल्यावर या मुलानं बोलणंच सोडलं, कितीतरी काळ तो धुळीत चित्रं काढूनच काय हवं ते सांगायचा. पुढे सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी इथं कागद आणि रंग घेऊन आले. याच माणसानं त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद दिला होता. इथंही ते बायकांच्या चित्रांच्या शोधात आले होते. पुढे झाला तो जिव्या, एक पुरुष. ज्याला चौकात जागा नव्हती त्याची चित्रं १९८९ला पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. मावशीशी मनातल्या मनात चाललेल्या माझ्या भांडणात हा एक मुद्दा मला मिळाला. पण त्याच्या विरुद्धही एक होता. कागद आला आणि त्याबरोबर खाली सहीही आली. चौकावर सही नसते.

निबंध लिहिलाच नाही. त्याऐवजी सरावपाठाचं टाचण नवं केलं: एक मोठा कागद, त्यावर आठ मुलं, एक रंग कालवणार, एक कुंचले करणार, बाकीचे काढणार. निरीक्षकांनी वाचलं आणि विचारलं, वैयक्तिक गुण कुठल्या रकान्यात भरायचे? रास्त प्रश्न आहे, आणि माझ्याकडे उत्तर नाही. पाठ मात्र त्यांनी घेऊ दिला.

वर्गात वारली शिकवणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना एकच विनंती. फळ्यावर त्रिकोण काढण्याआधी आदल्या रात्री वाटीभर तांदूळ भिजत घाला, आणि बांबूच्या काड्या चावायला कोण तयार आहे ते शेवटच्या बाकावर जाऊन विचारा.