सुताराचे नाव

एकवीरेच्या दर्शनाची रांग ओलांडून कार्ल्याच्या चैत्यगृहाकडे वळले, की ओसरीतल्या हत्तींपाशी मी रेंगाळतो. त्यांचे सुळे केव्हाच नाहीसे झाले; कातळही झिजला आहे. आत मात्र छताच्या लाकडी कमानी सुमारे २००० वर्षे तग धरून आहेत. छत अखंड कातळाचे. त्यास या लाकडाच्या आधाराची मुळी गरजच नव्हती. पूर्वीची चैत्यगृहे लाकडी असत. डोंगर कोरतानाही हातांना ती सवय सोडवली नसावी. दर्शनी भागातील एका लेखात, दरवाजा घडविणारा म्हणून धेनुकाकटाच्या सामी नामक सुताराचा उल्लेख आहे. पाथरवटांच्या या राज्यात सुताराचे नाव टिकावे, याचे मला भारी अप्रूप! स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच.