येऊलालाय

आमच्या घरी पाऊस 'येतोय' म्हणत नाहीत. तो 'येऊलालाय'. नेसरीतच नाही, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, पलीकडं निपाणी-बेळगावपर्यंत थोड्याफार फरकानं अशी रूपं ऐकू येतात. पुण्याच्या मैत्रिणींना हसू येतं. फोनला तेही येत नाही. आजी त्याच्यापुढं म्हणाली, "पाऊस येऊलालाय काय?" स्क्रीनवर उमटलं, 'पाऊस येऊ लाला काय'. "ह्यो लाला कोण गं?" आजीनं विचारलं.

फोन बोललेलं ओळखायला शिकतो ते माणसांच्या आवाजावरून. ते आवाज गोळा करण्याचं काम काही ठिकाणी स्वयंसेवक करतात. मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' आहे, केंद्र सरकारच्या 'भाषिणी'चं 'भाषादान' आहे. दोन्हीकडं मराठी आहे. एकजण स्क्रीनवरचं वाक्य वाचून रेकॉर्ड करतो, दुसरा ऐकून सांगतो, बरोबर की चूक. 'कॉमन व्हॉइस'वर दोघांनी होकार दिला की क्लिप पास. हे झालं टेस्टिंग. त्याला डिग्री लागत नाही, कान लागतो.

जेवणं झाल्यावर मी दहा-पंधरा क्लिपा ऐकते. एकदा एका बाईंनी 'पाणी'ला 'पानी' म्हटलं. आवाज स्वच्छ, वाक्य पूर्ण. मी 'बरोबर' दाबलं. दुसऱ्या कुणी 'चूक' दाबलं असतं, तर त्या बाई आणि त्यांच्यासारखं बोलणारी सगळी माणसं यंत्राच्या मराठीबाहेर राहिली असती. म्हणून टेस्टिंगला बसणारा माणूस कुठला आहे, याला महत्त्व आहे.

तरी एक अडचण उरतेच. वाचायला येणारी वाक्यं बहुतेक छापील मराठीतली. ती मी वाचली, तर यंत्राला माझा हेल कळेल, 'येऊलालाय' कळणार नाही. ते वाक्य आधी कुणीतरी लिहून द्यावं लागतं. 'कॉमन व्हॉइस'वर तशी सोय आहे. हल्ली मी आजीची वाक्यं लिहून काढते.

पण हे सगळं फुकट का करायचं? 'कॉमन व्हॉइस'चे आवाज सगळ्यांसाठी खुले असतात. एखादा विद्यार्थी ते वापरू शकतो, तशीच अब्जावधींची कंपनीही. विद्यार्थ्याला मी आनंदानं देईन. कंपनीचं मात्र काम म्हणून बघायला हवं, कारण ते कामच आहे.

आणि गावाकडची माणसं ते चोख करतात, हे तपासून झालंय. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी २०१९ साली एक अभ्यास मांडला. ग्रामीण भागातल्या लोकांनी स्वस्तातल्या स्मार्टफोनवर हस्तलिखित मराठी-हिंदी शब्द टाइप केले, अचूकता ९६.७ टक्के. पुढच्याच वर्षीच्या अभ्यासात ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं जमवलं. त्यात गावातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक होते, विद्यापीठाचे विद्यार्थीही होते. दर्जा तोडीस तोड निघाला. याच कामातून पुढं 'कार्या' ही संस्था उभी राहिली. ती ताशी सुमारे ५ डॉलर देते आणि तोच डेटा पुन्हा विकला गेला, तर बोलणाऱ्याला रॉयल्टीही.

आमच्याकडं बी.ए. होऊन घरी बसलेल्या कितीतरी पोरी आहेत. हातात फोन आहे, तोंडात ही बोली आहे. पुण्याला जाऊन रूम घेण्याइतके पैसे नाहीत. त्यांना मी भाषादान करा म्हणते, पण सोबत तीन प्रश्नही शिकवते. माझा आवाज कुणाकडं जाणार? तासाला किती मिळणार? पुन्हा विकला तर माझा वाटा किती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'सगळ्यांकडं' असेल, तर फुकट द्यायला हरकत नाही. 'फक्त आमच्याकडं' असेल, तर उरलेले दोन विचारल्याशिवाय तोंड उघडू नका.