दीडशेची टोपली, नव्वदची वाटी

बुलडाणा जिल्हा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? लोणारचं सरोवर, सिंदखेडराजातलं जिजामातांचं जन्मस्थान, शेगावचे गजानन महाराज आणि तिथली कचोरी! पण दसरा-दिवाळीच्या दिवसांत या जिल्ह्यात गेलात, तर आणखी एका गोष्टीची ओळख होते. ती म्हणजे डोंगरातली सीताफळं.

बुलडाणा शहराला रेल्वे नाही. आम्ही मुंबई-नागपूर मार्गावरच्या मलकापूरला उतरलो आणि मुलांच्या मामाच्या गाडीने निघालो. मोताळा मागे पडलं की राजूर घाट सुरू होतो. खालचा कापसाचा सपाट मुलूख संपतो, वळणं सुरू होतात आणि हवा गार होत जाते. बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेलं आहे, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर.

घाटातल्या एका वळणावर एक आजीबाई टोपली घेऊन बसल्या होत्या. टोपलीत पळसाची पानं आणि त्यांवर अठरा सीताफळं. धाकटीने मोजली होती!

"केवढ्याला टोपली, मावशी?" मी विचारलं.

"दोनशे द्या, भाऊ."

"दीडशे देतो."

"पहाटंपासून डोंगर तुडवला, भाऊ. सारं वजं डोक्यावर आणलं."

पण मी काही हटलो नाही. शेवटी दीडशेला टोपली मिळाली आणि मी स्वतःवरच खूश होत गाडीत बसलो.

"बाबा, सीतामाई वनवासात हेच फळ खायची ना?" धाकटीने विचारलं.

नाव तसं आहे खरं! पण गंमत अशी, की हे झाड मूळचं आपल्याकडचं नाही. ते अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं. पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आलं, असं मानतात. रामफळही तिकडचंच. मिरची, बटाटा, पेरू, पपई हीसुद्धा त्याच बाजूची पाहुणे मंडळी. पण सीताफळ इथल्या माळरानात असं रुजलं, की आपण त्याला घरचंच नाव देऊन टाकलं. त्याला पाणी कमी लागतं, खडकाळ जमीन चालते. शिवाय त्याच्या पानांना उग्र वास असल्यामुळे शेळ्या-गुरं सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून उघड्याबोडक्या डोंगरावरही ते टिकतं.

दुपारी बुलडाण्यात जेवायला एका हॉटेलात गेलो. फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'आजचे विशेष – सीताफळ रबडी'. एक वाटी नव्वद रुपये. चार वाट्या मागवल्या. गारेगार, घट्ट, सायीचे पापुद्रे आणि मधूनमधून गराच्या रवाळ पाकळ्या. आणि बी? एकही नाही! सीताफळ म्हणजे खाणं कमी आणि थुंकणं जास्त, असं म्हणणारा आमचा थोरलाही वाटी चाटून बसला.

"यातल्या बिया गेल्या कुठे?" त्याने वाढणाऱ्या दादांना विचारलं. ते हसले आणि आम्हाला थेट मुदपाकखान्यात घेऊन गेले.

तिथे दोन बायका मोठ्या चाळणीवर गर हलक्या हाताने फिरवत होत्या. गर खाली पडत होता, काळ्याभोर बिया वर राहत होत्या. "मिक्सर का नाही लावत?" थोरल्याने विचारलं. आचारी म्हणाले, "बी फुटली की संपलं! सगळा गर वाया." सीताफळाची बी विषारी असते. तिची पूड पूर्वी उवा मारायला वापरत आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. म्हणून हे काम हातानेच करायचं. चुलीवर दूध आटत होतं. त्याची साय कढईच्या कडेला लावून ठेवत होते. पण गर त्यात उकळायचा नाही हं! तापवला की तो कडवट होतो. रबडी पूर्ण गार झाल्यावरच तो मिसळायचा.

परत जागेवर आलो, तर धाकटी बोटांवर काहीतरी मोजत होती.

"बाबा, चार वाट्यांचे तीनशे साठ झाले. इथे तुम्ही कमी करा म्हणालात का?"

"अगं, इथे दूध आहे, गॅस आहे, बिया काढायची मेहनत आहे. तू पाहिलीस ना?"

"आणि आजींनी डोंगर चढून फळं काढली, ती मेहनत नाही?"

मला उत्तर सुचलं नाही. मामा मात्र म्हणाला, "ती फळं काढणंही सोपं नसतं गं. खवल्यांमधल्या रेषा रुंद होऊन पिवळट-पांढऱ्या दिसल्या, की आमच्याकडे म्हणतात डोळे उघडले. तेवढीच फळं काढायची. कोवळं तोडलं तर ते पिकतच नाही, काळं पडतं. आणि पिकलं की एक-दोन दिवसांत संपलं. आज विकलं नाही, तर उद्या ते कोण घेणार?"

म्हणजे मी पन्नास रुपये कमी केले, ते आजीबाईंना पटले म्हणून नाही. त्यांचं फळ थांबू शकत नव्हतं, म्हणून!

संध्याकाळी परतताना त्या वळणावर गाडी थांबवली. पन्नासची नोट मी हातातच धरली होती. पण तिथे कुणी नव्हतं. पळसाची चार पानं आणि थोड्या बिया तेवढ्या पडलेल्या. अंधार पडायला लागला होता. मामाने पुन्हा गाडी सुरू केली.

टोपलीतली फळं दोन दिवसांत पिकली. आम्ही ती बिया थुंकत, हात चिकट करत खाल्ली. खरं सांगू? रबडीइतकीच गोड लागली. थोड्या बिया धाकटीने कुंडीत लावल्या आहेत. बी लावल्यावर फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, हे ऐकून ती म्हणाली, "लागू देत! पण बाबा, पुढच्या दिवाळीत घाटात टोपली मी घेणार. तुम्ही गाडीतच बसा."