ढाक म्हणजे वातपोथ

आमच्या घरात घोकंपट्टीला कुणी कधी नावं ठेवली नाहीत. आजोबांना अमरकोश पाठ होता, तिन्ही कांडं, दीड हजारांच्या आसपास श्लोक. लहानपणी अंगणात बसून म्हटलेले. अर्थ विचारला की त्यांचे गुरुजी म्हणत, आधी तोंडात बसू दे, डोक्यात शिरेल मागाहून. पुढे आजोबांनी आयुष्यभर जिल्हा परिषदेत कारकुनी केली. बेलाला मालूर म्हणतात, शैलूष म्हणतात, हे त्या कारकुनीत कधी उपयोगी पडलं नाही. पण रात्री वीज गेली की खाटेवर पडल्या पडल्या ते अमरकोशातला झाडाझुडपांचा वनौषधिवर्ग सुरू करायचे आणि वीज येईपर्यंत अर्धं जंगल पार करायचे.

मला स्क्रॅबलचं वेड लागलं ते 1987 साली, फोर्टातल्या आमच्या ऑफिसात. दुपारच्या सुट्टीत एका टेबलावर कॅरम आणि दुसऱ्यावर स्क्रॅबल चाले. कॅरमला नंबर लागायला पाऊण तास, म्हणून मी दुसऱ्या टेबलाशी उभा राहू लागलो. पेटीचं झाकण फाटलेलं, एक 'ओ' हरवलेला आणि त्याच्या जागी पुठ्ठ्याचा चौकोन. तो पुठ्ठा पिशवीत हाताला लगेच कळायचा, त्यामुळे नको असेल तेव्हा कुणी तो उचलत नसे. मी मराठी माध्यमाचा, इंग्रजी पाचवीपासून. पहिल्या महिन्यात माझे शब्द म्हणजे कॅट, रॅट आणि फार झालं तर टेबल. समोरचे लोक सातही ठोकळे एका दमात लावून वरचे पन्नास गुण घेत.

म्हणून वही घातली. दोनशे पानी, वर तपकिरी कव्हर. डोंबिवलीहून निघताना गाडीत चौथी सीट मिळाली तर मांडीवर, नाही तर उभ्यानं, एका हातात. पहिलं पान दोन अक्षरी शब्दांचं: एए म्हणजे खरबरीत लाव्हा, एआय म्हणजे तीन बोटांचा एक आळशी प्राणी, झेडओ म्हणजे याक आणि गाईची संतती. त्यानंतर 'यू'शिवायचा 'क्यू'. मग स्वरांशिवायचे शब्द, त्यात वेल्श भाषेतून आलेला सीडब्ल्यूएम, म्हणजे डोंगरातली खोलगट दरी. हा खेळ रचला अल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुरचनाकारानं. 1930 च्या दशकातल्या मंदीत काम गेलेलं, तेव्हा वर्तमानपत्रातली अक्षरं मोजत बसून त्यानं ठरवलं की 'ई'चे बारा ठोकळे, 'क्यू' आणि 'झेड'चा एकेकच, पण त्यांना दहा-दहा गुण. म्हणजे बेकार माणसाच्या मोजणीवर आम्ही नोकरदार सुट्टी घालवत होतो. (मराठीत हा खेळ बसवायचा तर क, का, कि, की या सगळ्यांचे ठोकळे वेगळे करावे लागतील. पेटीऐवजी ट्रंक लागेल. आपलं शब्दकोडं शहाणं, ते अख्खं अक्षर एका चौकोनात बसवतं.)

वहीतले बहुतेक शब्द मी अर्थाशिवायच पाठ केले, हे कबूल करतो. शब्द चालतो एवढं पुरे होतं. एकदा माझ्याकडे डी, एच, ए, के आले आणि मी 'ढाक' लावला. बारा गुण, शिवाय शब्दाची दुप्पट करणारा गुलाबी चौकोन. टेबलावरच्या ज्येष्ठ साहेबांनी भुवया चढवल्या. चेंबर्स कोश त्यांचा, त्यांच्याच खणात कुलपात असे, आणि हरकत घेतली की तो समारंभानं बाहेर निघे. चष्मा पुसून झाला, पानं उलटून झाली. शब्द होता. साहेबांनी अर्थ वाचला आणि विचारलं, "हे झाड तुला माहीत आहे का रे?" मला कुठलं माहीत! ते म्हणाले, "अरे, पळस."

ज्याच्या पत्रावळीवर लहानपणी जेवलो, ज्याला पानं तीनच असतात हे शाळेत म्हणीत शिकलो, ते झाड मी इंग्रजी शब्द म्हणून रटलं होतं, तेही डोंबिवली ते व्ही.टी. प्रवासात. संध्याकाळी घरी येऊन आजोबांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "किंशुक. पर्ण. वातपोथ." शेवटचा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. त्या रात्री वहीत एक नवं पान उघडलं: ढाक, नीम, बेल, साल. पुढे 'आल'ही सापडली, जिच्या मुळांपासून तांबडा रंग काढत. इंग्रजी कोशातला माझा छोटा वनौषधिवर्ग.

आता माझी भाची खेळते. पुण्यात शिकते, स्पर्धांना जाते, आणि तिच्याकडे वही नाही. तिच्या संगणकात एक प्रणाली आहे, नाव झिझिव्हा. हे एका सोंडकिड्याचंही नाव आहे आणि ते खरोखर पटावर लावता येतं, फक्त तीन झेड लागतात, म्हणून एक खरा आणि दोन्ही कोरे ठोकळे खर्ची पडतात. ती प्रणाली तिला अक्षरं वर्णक्रमानं दाखवते, ए-ई-आय-एन-आर-एस-टी, आणि ही पोरगी श्वास न घेता रिटेन्स, रेटिनास, नॅस्टिअर, रेट्सिना अशी माळ लावते. जो शब्द चुकतो तो उद्या परत येतो, जो येतो तो महिनाभर तोंड दाखवत नाही. दोन अक्षरी शब्द तिला सव्वाशेच्या आसपास येतात. आमच्या वेळी नसलेला क्यूआय आता चालतो, अमेरिकन कोशात 2018 साली ओके सुद्धा शिरला. हरकतीचा निकाल फोन देतो, तोही फक्त हो किंवा नाही.

अर्थ हरवला म्हणून मी तिच्यापुढे गळा काढणार नाही, तो माझ्याकडे तरी कुठे होता? न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा अजिंक्यवीर झाला तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊ आठवडे कोश पाठ केला होता. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. लोकांनी तोंडात बोटं घातली. मला आजोबांचे गुरुजी आठवले.

फरक मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. आजोबांना वातपोथ मधूनच विचारला तर सांगता येत नसे. श्लोकाच्या तोंडापासून यावं लागे, कारण शब्द छंदाला टांगलेला होता. माझे शब्द पानाला टांगलेले आहेत. सीडब्ल्यूएम म्हटलं की मला डावं पान दिसतं, खाली चहाचा गोल डाग, आणि कल्याणला चढलेल्या कुणाच्या तरी छत्रीचं पाणी लागून फुटलेली शाई. भाचीचे शब्द कशाला टांगलेले आहेत ते मी तिला विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "कशालाच नाही रे मामा. अक्षरं दिसली की येतात." ती तसं अभिमानानं म्हणाली नाही, तक्रारीनंही नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघं खेळायला बसलो. तिनं दुसऱ्याच डावात 'ढाक' लावला. मी म्हटलं, अर्थ सांग. तिला येईना. मी पळस सांगितला, आजोबा सांगितले, वातपोथ सांगितला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हा वातपोथ चालतो का रे?"

नाही चालत. मी 61 गुणांनी हरलो.