शकुंतलेची धूळ

‘ही आपल्याकडची धूळ नाही.’

बाबांनी चष्मा वर सरकवला, मॉडेल टेबलावर ठेवलं आणि पेपर उचलला. विषय संपला!

माझ्या तीन महिन्यांच्या वीकेंडचा एका वाक्यात निकाल. बाबांच्या पंचाहत्तरीसाठी मी ‘शकुंतला’ बनवत होतो. म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज गाडी, वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) गावातून जाणारी. बाबा कारंज्याचे. सुट्टीत मामाकडे यवतमाळला जायचे ते हिच्यातूनच. शकुंतलेच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. एकास सत्त्याऐंशी या स्केलमध्ये ते जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर होतं, म्हणून मॉडेलवाल्यांचा तयार ९ मिलिमीटरचा ट्रॅक चालून जातो. बाकी इंजिन, डबे सगळं घरीच, प्लास्टिकचे पत्रे कापून. रंग मात्र एअरब्रशने. साध्या ब्रशचा थर जाड बसतो, बारीक रिव्हेट बुजतात आणि इंजिन जत्रेतल्या खेळण्यासारखं दिसतं.

आणि धूळ? ती मी मस्त तांबूस मारली होती. पुण्यात वाढलेल्या माणसाची, सुट्टीत कोकणात पाहिलेली माती! म्हटलं, चला, एकदा जाऊनच बघू.

मे महिन्यातलं कारंजा

रात्रीची गाडी पकडून मूर्तिजापूर, तिथून एसटीने कारंजा. सॅकमध्ये दोन टी-शर्ट, रंगांच्या बाटल्या, एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर. चुलतभावाने स्टँडवर ते सामान बघून विचारलं, ‘पंचर काढाले आला का बे?’

कारंजा म्हणजे बहुतेकांसाठी गुरुमंदिर, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. शिवाय जुन्या वेशी, जैन मंदिरं आणि जवळच काळविटांचं सोहोळ अभयारण्य. मी मात्र थेट रुळांकडे. तिथे सावलीला बसलेल्या एका आजोबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ‘कोनाची वाट पाह्यतं बाप्पा? गाडी त कवाचीच बंद झाली.’

या गाडीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विदर्भातला कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही लाइन उभी केली. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ मध्ये इथे कामाला लागलं आणि थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत राहिलं. एकाहत्तर वर्षं! त्यानंतर डिझेल आलं आणि पुढे गाडीच थांबली.

मी रुळाशी उकिडवा बसलो. रुळाच्या कडेला गंजाचा तपकिरी रंग. पण त्यावर, गवतावर, माझ्या बुटांवर बसलेली धूळ मात्र राखाडी, पिठासारखी मऊ. काळी कापसाची जमीन उन्हात वाळली की अशी होते. तांबडेपणाचा मागमूस नाही. बाबांचं बरोबर होतं. एका कागदात चिमूटभर धूळ बांधून घेतली.

नोझलने दगा दिला

दुपारी भावाच्या ओसरीवर रंग कालवायला बसलो. पांढरा, काळा, किंचित पिवळा. धुळीच्या पुडीशेजारी नमुना जुळला, एअरब्रशमध्ये ओतला, ट्रिगर दाबला... आधी फवारा, मग थुंकी, मग काहीच नाही! बाहेर त्रेचाळीस अंश. अ‍ॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळत होता. त्यात नोझलमध्ये मागच्या वेळचा रंग आधीच धरून बसलेला.

भावाने गाडीवर घातलं आणि ओळखीच्या मूर्तिकाराकडे नेलं. तिथे गणपतीच्या कच्च्या मूर्ती ओळीने वाळत होत्या आणि कोपऱ्यात कॉम्प्रेसर. मूर्तींची अंगकांती ते स्प्रेनेच रंगवतात, डोळे मात्र हाताने. त्यांनी माझा एअरब्रश उघडला, सुई उजेडात धरली आणि हसले. ‘रंग माराले सगळ्यायलेच आवडते भाऊ. धुवाले कोनालेच नाही.’

माझा चेहरा पडला. हे खरंच होतं. दर रविवारी रात्री ‘उद्या धुऊ’ म्हणत मी झोपायला जायचो. तिकडे एकाहत्तर वर्षं कोणी तरी इंजिनची राख काढली, तेल घातलं. मला सहा महिने एक वीतभर यंत्र सांभाळता आलं नव्हतं.

घ्याल तर असा घ्या

पहिला एअरब्रश घेताय? मग ‘डबल अ‍ॅक्शन’ घ्या. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. आठवडाभर बोटं गोंधळतात, मग मजा येते. रंगाची वाटी वरच्या बाजूला असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड बघा. कमी दाबावर चालतो, रंग वाया जात नाही आणि धुवायलाही सोपा. नोझल ०.३ मिलिमीटरचं. ०.२ बारीक रेषांसाठी छान, पण चटकन तुंबतं. ०.५ मोठ्या पृष्ठभागांसाठी. ब्रँडच्या नावापेक्षा त्याचं सुटं नोझल आणि सुई मिळते का, हे आधी विचारा. माझा दोन हजारांचा अनोळखी ब्रश तिथेच मार खातो.

कॉम्प्रेसर टाकीवाला असेल तर हवा एकसारखी येते. दाब साधारण १५ ते २० पीएसआय. पावसाळ्यात हवेतलं पाणी रंगात शिंतोडे उडवतं, म्हणून मॉइश्चर ट्रॅप हवाच. रंग दुधाइतका पातळ. उन्हाळ्यात त्यात थेंबभर रिटार्डर, आणि मधूनमधून थिनरच्या बोळ्याने सुईचं टोक पुसा. खिडकी उघडी, तोंडावर मास्क. यात नो कॉम्प्रमाइज.

धुण्याचा फंडा पाच मिनिटांचा. रंग बदलला की वाटीत क्लीनर घालून स्वच्छ फवारा येईपर्यंत उडवा. काम संपलं की सुई हळूच काढून पुसा. टोक वाकलं तर फवारा तिरका जाणार. नोझल मऊ, बारीक ब्रशने साफ करा. परत बसवताना पाना जोरात पिळू नका, तडकतं. अख्खा ब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवलात, तर आतल्या रबरी रिंगा फुगतात. शेवटी सुईवर एअरब्रशसाठी मिळणाऱ्या तेलाचा एक थेंब. बस्स!

पुन्हा टेबलावर

पुण्याला परतल्यावर मी तांबडी धूळ खरवडून काढली, इंजिनला पुन्हा रंग दिला. तोही ठार काळा नाही, गडद राखाडी, कारण इतक्या छोट्या वस्तूवर अस्सल काळा खोटा वाटतो. मग कारंज्याची धूळ, खालून वर विरत जाणारी, अगदी विरळ थरांत. प्रत्येक थरानंतर नोझल धुतलं. प्रॉमिस!

पंचाहत्तरीच्या सकाळी बाबांनी गाडी हातात घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून रुमाल काढून डब्याची खालची कड पुसली, आणि रुमाल उलटसुलट करून पाहिला.

रुमाल स्वच्छ होता.

जायचंय?
मुंबई-नागपूर मार्गावरच्या मूर्तिजापूरला उतरून एसटी किंवा जीपने कारंजा. कारने आलात तर समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून जातो. रूळ बघायचे तर हिवाळ्यात या. धूळ बघायची तर मे महिन्याला पर्याय नाही. टोपी, पाण्याची बाटली आणि एक कोरा कागद सोबत असू द्या.