दोन शिखरे

माणूस औषधावर विश्वास ठेवतो, तो ते ओळखून नव्हे. ते कुणीतरी ओळखले असेल या भरवशावर. माझ्या थोरल्या बंधूंची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा हे मला उमगले. डायलिसिसच्या यंत्रातून फिरताना रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते. डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळणारे हे औषध दिसते मात्र पाण्यासारखे निवळ.

या औषधाविषयी वाचताना एक हकिगत हाती लागली. २००७ च्या अखेरीस अमेरिकेत हेपॅरिन घेताच काही रुग्णांचा रक्तदाब एकाएकी कोसळू लागला, श्वास कोंडू लागला. जानेवारी २००८ मध्ये मिसुरी राज्यातील एका बालरुग्णालयातील अशा घटनांवरून तपास सुरू झाला. औषधाचा कच्चा माल चीनमधून आलेला होता. नवल असे की, ते सर्व विहित चाचण्यांत उत्तीर्ण झाले होते! मेंढीच्या रक्तद्रवाचे गोठणे ते किती रोखते, एवढेच मुख्यतः पाहिले जाई. आणि भेसळीचा पदार्थही ते काम थोडेफार करीत असे.

मग शास्त्रज्ञांनी एन.एम.आर. या तंत्राचा आधार घेतला. बलवान चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक रेणू आलेखावर आपली खूण उमटवतो. हेपॅरिनचे एक शिखर २.०४ या अंकाशी येते. संशयित नमुन्यांत त्याच्या शेजारी, २.१५ पाशी, दुसरे शिखर उभे होते. ते निघाले सल्फेटचे जादा गट जोडलेल्या काँड्रॉइटिनचे. प्राण्यांच्या कूर्चेतील स्वस्त पदार्थावर प्रक्रिया करून बनवलेले हे रसायन निसर्गात आढळत नाही. ८१ मृत्यूंशी या भेसळीचा संबंध असावा, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या वर्षी सांगितले. पुढे ही नवी तपासणी औषधांच्या अधिकृत मानकांत समाविष्ट झाली.

मला यात मोठा बोध दिसतो. जुनी चाचणी औषधाला विचारीत होती, ‘तुझ्याने काम होते काय?’ नवी विचारते, ‘तू कोण?’ लबाडी पहिल्या प्रश्नाला सहज उत्तर देते. दुसऱ्यापुढे तिची वाचा बसते.

आलेखावरील त्या चिमुकल्या शिखराकडे काणाडोळा न करणाऱ्यांची नावे रुग्णाला कधी कळत नाहीत. त्यांनाही रुग्णाचा चेहरा ठाऊक नसतो. तरीही ते आपले काम चोख करतात. शेजारधर्म याहून वेगळा तो काय असतो?