येत्या मोसमाचे अंदाजपत्रक

(बी. कॉम. अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी)

इंग्लंडातली फुटबॉल लीग मे महिन्यात संपते आणि ऑगस्टात पुन्हा सुरू होते. मधले अडीच महिने आमच्यासारख्यांना उपासाचे. इकडे बेळगावात तेव्हा पावसाची झड लागलेली असते, मैदानांची तळी झालेली असतात, परीक्षेचे निकाल लागून घरच्यांचे जे काय बोलायचे ते बोलून झालेले असते. अशा वेळी रिकाम्या डोक्याला एकच उद्योग उरतो, तो म्हणजे येत्या मोसमाचे अंदाज बांधणे. पहिला कोण, शेवटचे तीन कोण, कोणत्या व्यवस्थापकाची गच्छंती आधी, हे सारे आम्ही एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवतो. आम्ही म्हणजे मी आणि होस्टेलातला माझा मित्र. तो सौंदत्तीकडचा, कन्नड माध्यमातून आलेला. मी निपाणीचा, मराठी माध्यमाचा. वहीची डावी पाने त्याची, उजवी माझी. कॉलेजात शिकवतात त्याप्रमाणे नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे, म्हणून तो म्हणतो की जमेची बाजू तूच बळकावलीस. माझ्या वडिलांच्या दुकानातल्या देशी वहीत मात्र जमा डावीकडे असते. तेव्हा हा वाद मिटण्यासारखा नाही.

'भाकीत' म्हटले की पंचांगाचा वास येतो, म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर आम्ही 'अंदाज' असे घातले आहे. कानडीत हाच शब्द 'अंदाजु' म्हणून नांदतो, त्यामुळे नाव ठेवताना तरी भांडण झाले नाही. शिवाय आम्ही पडलो कॉमर्सवाले. अंदाजपत्रक म्हणजे काय, हे आम्हांला तीन वर्षे शिकवले गेले आहे. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात फरक पडणारच. तो किती पडला आणि का पडला, हे शोधण्यासाठीच तर अंदाज करायचा.

फरक कसा पडतो याची उदाहरणे इंग्लंडात ढिगाने आहेत. १९९५ च्या ऑगस्टात मँचेस्टर युनायटेडने बऱ्याचशा पोरसवदा संघानिशी मोसम सुरू केला आणि पहिलाच सामना अॅस्टन व्हिलाकडून १-३ असा गमावला. त्या रात्री बीबीसीवर अॅलन हॅन्सेन या जाणत्या माजी खेळाडूने निकाल देऊन टाकला, की पोरांच्या जोरावर काही जिंकता येत नाही. मे महिन्यात त्याच पोरांनी लीग जिंकली आणि एफ. ए. कपही जिंकला. लेस्टरची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. २०१५ च्या ऑगस्टात हा संघ लीग जिंकेल यावर पैज घेणारे लोक एकास पाच हजार असा भाव देत होते. लेस्टरने ८१ गुण मिळवून दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलला दहा गुणांनी मागे टाकले. आदल्या वर्षीचा विजेता चेल्सी त्या मोसमात दहावा आला.

पण लेस्टरचे नाव निघाले की 'बघा, काहीही होऊ शकते' असे म्हणून जे गहिवरतात, त्यांच्याशी माझे जमत नाही. प्रीमियर लीग १९९२ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या ३३ मोसमांत विजेतेपद अवघ्या सात क्लबांनी वाटून घेतले. त्यांत एकट्या युनायटेडचे तेरा आणि मँचेस्टर सिटीचे आठ. लेस्टर एकदा आणि ब्लॅकबर्न एकदा. ज्या रानिएरीने ते विजेतेपद मिळवून दिले, त्याला लेस्टरने २०१७ च्या फेब्रुवारीत नारळ दिला. पुढे २०२३ मध्ये क्लब खालच्या लीगमध्ये घसरला, २०२४ मध्ये वर आला आणि २०२५ मध्ये २५ गुणांनिशी पुन्हा खाली गेला. ही सगळी बाजूही खतावणीत मांडायला नको का?

निपाणीच्या पोराला या उठाठेवी कशाला, असे कोणी विचारले की मी त्याला पूल्सची हकीकत सांगतो. इंग्लंडात फुटबॉलचे अंदाज बांधणे हा फार जुना सार्वजनिक छंद आहे. १९२३ साली जॉन मूर्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी 'लिटलवुड्स' नावाने त्याचा धंदा काढला आणि पहिली कूपने मँचेस्टरच्या मैदानाबाहेर वाटली. सामन्यांच्या यादीपुढे खुणा करायच्या, चार पैसे लावायचे आणि कूपन पाठवून द्यायचे. पुढे घरोघरी हा आठवड्याचा विधीच होऊन बसला. उन्हाळ्यात इंग्लंडात फुटबॉल नसे, मग कूपनावर ऑस्ट्रेलियातले सामने छापत. म्हणजे लँकाशायरच्या गिरणीतला कामगार, ज्यांचे नावही कधी कानावर पडले नाही अशा मेलबर्नच्या संघांचे निकाल बेधडक वर्तवी. त्याला कोणी विचारले नाही, तुझा काय संबंध म्हणून.

आणि १९६३ चा हिवाळा! त्या वर्षी इंग्लंडात अशी थंडी पडली की मैदाने आठवडेच्या आठवडे गोठलेली राहिली. सामने नाहीत म्हणजे निकाल नाहीत, आणि निकाल नाहीत म्हणजे पूल्सचा धंदा बंद. तेव्हा कंपन्यांनी तोडगा काढला. २६ जानेवारी १९६३ रोजी टॉम फिनी, टॉमी लॉटन यांसारखे नामांकित माजी खेळाडू आणि एक पंच यांना लंडनमध्ये बंद खोलीत बसवले. सामना झाला असता तर कोण जिंकले असते, हे त्यांनी ठरवायचे. त्यांनी ठरवले ते निकाल जाहीर झाले आणि त्यांवर लोकांना पैसेही मिळाले. चेंडूला पाय न लागता सामना निकाली! अंदाजालाच प्रत्यक्षाचा दर्जा मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला आमच्या अभ्यासक्रमात तरी आढळलेले नाही.

आमचे त्या कामगारापेक्षा बरे, आम्हांला सामने दिसतात तरी. शनिवारी दुपारी तीनचे सामने इंग्लंडात टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. मैदानांवरची गर्दी ओसरू नये म्हणून केलेला जुना नियम आहे तो. आपल्याकडे ती वेळ उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातची आणि हिवाळ्यात साडेआठची. होस्टेलात ताटे वाजू लागतात तेव्हा आमच्या हातातल्या फोनवर असा सामना चालू असतो, जो खुद्द त्या गावातल्या माणसाला तिकीट काढल्यावाचून दिसत नाही.

माझा क्लब एव्हर्टन. कोल्हापूरला मामांकडे गेलो की हे सांगायची सोय नाही. तिथे पाटाकडील की खंडोबा एवढाच प्रश्न, आणि त्याचे उत्तर तुमचे घर कोणत्या पेठेत यावर जन्मतःच ठरलेले. मी मात्र एव्हर्टन निवडला तो हिशेबाच्या तासाला, अगदी शब्दशः. २०२३ च्या नोव्हेंबरात एव्हर्टनचे दहा गुण कापले गेले. खेळात काही आगळीक झाली म्हणून नव्हे, ताळेबंदात झाली म्हणून! तेव्हाचा नियम असा होता की क्लबाचा तीन वर्षांचा मिळून तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या वर जाता कामा नये. एव्हर्टनचा गेला. २०२४ च्या फेब्रुवारीत अपिलात दहाचे सहा झाले, एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही त्याच मोसमात चार कापले. जमाखर्चाच्या चुकीबद्दल गुण कापतात, हे आमच्या प्राध्यापकांपलीकडे आणखी कोणी करत असेल असे मला वाटले नव्हते. ज्या संघाला माझ्यासारखीच शिक्षा होते, तो माझा संघ. आठ गुण जाऊनही त्या वर्षी एव्हर्टन ४० गुणांवर पंधरावा आला आणि तरला.

त्या नियमाच्या निमित्ताने मी घसारा जेवढा शिकलो तेवढा वर्गात शिकलो नाही. सहा कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, तर खर्च दर वर्षी एक कोटी वीस लाख पडतो. करार आठ वर्षांचा केला तर पंचाहत्तर लाखच. चेल्सीने नेमकी ही युक्ती केली आणि लोकांना सात-सात, आठ-आठ वर्षे बांधून घेतले; मग डिसेंबर २०२३ मध्ये क्लबांनी मिळून ठरवले की खर्च पाचच वर्षांवर वाटायचा. आणखी एक मौज अशी की आपल्याच अंगणात वाढवलेल्या पोराची वहीत खरेदी किंमत शून्य, त्यामुळे त्याला विकले की सगळी रक्कम निव्वळ नफा. म्हणून क्लब घरची पोरे विकतात आणि परकी विकत घेतात. मला हे आवडत नाही, पण हिशेबाने ते बरोबर आहे. माणूस पाहून अंदाज करणारे फसतात ते इथेच. कोणाला विकावे लागणार, हे मैदानापेक्षा ताळेबंदात आधी दिसते.

आता जी गोष्ट लिहू की नको असे होत होते, ती लिहितो. मित्राने स्वतःच 'लिही' म्हटले. गेल्या एका मोसमात डावी पाने कोरीच राहिली. त्याचे थोरले भाऊ, आम्ही सारे त्यांना अण्णाच म्हणतो, उद्यमबागेत एका कारखान्यात फिटर आहेत. आमची वही बघून त्यांनाही नाद लागला, पण त्यांचा नाद फोनवरच्या एका अॅपवर गेला. सुरुवातीला पन्नास रुपये, मग पाचशे. एकदा अठरा हजार आले, तेव्हा त्यांनी आम्हांला कॅम्पात नेऊन बिर्याणी खिलवली. नंतर बहिणीच्या लग्नासाठी पतपेढीत ठेवलेली रक्कम काढली. किती गेली ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात आम्हां दोघांची तिन्ही वर्षांची फी आणि खाणावळ निघाली असती. लग्न एक वर्ष पुढे ढकलावे लागले. संसदेने २०२५ च्या ऑगस्टात पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला. आमच्या मित्राच्या घरी तो उशिरा पोचला, एवढेच म्हणायचे.

मित्र मला म्हणाला, "आपली वही आणि ते अॅप यांत फरक काय? कानडीत सामन्याला पंद्य म्हणतात आणि पैजेलाही पंद्यच म्हणतात." मला लगेच उत्तर सुचले नाही. मग एका रात्री मी सगळी जुनी पाने त्याच्यापुढे ठेवली आणि त्याला रक्कमेचा रकाना शोधायला सांगितले. आमच्या वहीत तो कधीच आखलेला नव्हता. अॅपवाल्याला तुमचा अंदाज नको असतो, त्याला तुमची आणखी एक खेळी हवी असते. लीग ३८ सामन्यांची, पण त्याच्या दुकानात दर मिनिटाला नवा सामना. तो पाने उलटत बसला. बऱ्याच वेळाने "नोडोणा" म्हणाला. म्हणजे 'बघूया'. सौंदत्तीकडचा माणूस 'नोडोणा' म्हणाला की निम्मा होकार धरायला हरकत नाही.

यंदा डावी पाने पुन्हा भरू लागली आहेत, आणि याच अंकाच्या कन्नड विभागात त्याचा लेख आहे. त्यात माझ्या क्लबाची टिंगल आहे असे कळते. मी वाचणारच आहे.

तर माझे अंदाज. विजेत्याचे नाव मी इथे छापणार नाही. एक तर ऑगस्टअखेरपर्यंत खेळाडूंचा बाजार उघडा असतो. खरेदी व्हायच्या आधीच साठ्याचा हिशेब कोणता वाणी देईल? दुसरे असे की आपला हा अंक स्नेहसंमेलनाला हाती पडतो, तोवर अर्धी लीग उलटून गेलेली असते आणि वाचक छापील नावावर बोट ठेवून हसायला मोकळा. आकडे मात्र देतो. विजेता आदल्या मोसमाच्या पहिल्या तिघांतला असेल. २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंत आठही वेळा तसेच झाले. त्याचे गुण ८२ ते ९० यांच्या दरम्यान. सिटीचे १०० किंवा लिव्हरपूलचे ९९ पुन्हा होणार नाहीत. तरायला चाळीस गुण लागतात असे समालोचक दर वर्षी म्हणतात, यंदाही म्हणतील, पण ३७ पुरतील. २०१५-१६ ते २०२४-२५ या दहा मोसमांत अठराव्या क्रमांकाच्या संघाला ३७ च्या वर कधी जाता आले नाही, आणि २०२४-२५ मध्ये तर तो २५ वरच अडकला. वर आलेल्या तीन संघांपैकी एक तरी खाली जाईल. तिन्ही मात्र नाहीत, जरी २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी लागोपाठ दोन वर्षे तिन्ही गेले होते. दिवाळीचा फराळ संपायच्या आत एका व्यवस्थापकाची नोकरी जाईल आणि मेपर्यंत एकूण चौघांची. एव्हर्टन आठ ते बारा यांच्यात कुठेतरी. याहून वर लिहायला हात धजत नाही आणि याहून खाली लिहवत नाही. १९९५ चा एफ. ए. कप हा त्यांचा २०२५ पर्यंतचा शेवटचा मोठा चषक, तेव्हा कपाच्या रकान्यात मी एक प्रश्नचिन्ह ठेवले आहे. मित्राने ते बघितले आणि काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

राहिला बरोबरीच्या सामन्यांचा आकडा. एकूण सामने ३८०, त्यांतला साधारण चौथा हिस्सा बरोबरीत सुटतो. हा रकाना भरण्याआधीच गेल्या रविवारी अण्णा होस्टेलवर आले होते. पतपेढीचे हप्ते चालू आहेत, लग्नाची तारीख आता ठरली आहे, त्याची पत्रिका द्यायला आले होते. टेबलावर वही उघडी होती. बराच वेळ नुसतेच बघत होते. मग मित्राकडे पेन मागितले, जरा विचार केला आणि डाव्या पानावर ९७ लिहिले. माझ्या उजव्या पानावर ९२ आहेत.